प्रोस्टेट कॅन्सरसाठी एक्सोसोमची लघवी-तपासणी मराठवाड्यात हवी की आधी रक्तातला साधा पीएसए?

मांजराकाठ (लातूर): चुलत्यांचा पीएसए (प्रोस्टेट या पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीतलं, रक्तात मोजलं जाणारं प्रथिन) ७ आला, लगेच बायोप्सी झाली, म्हणजे सुईनं ग्रंथीचे तुकडे काढून तपासले. कॅन्सर निघाला नाही, पण नंतर ताप चढून भरती करावं लागलं. म्हणून म्हणतो, ही लघवीची तपासणी इकडे यायलाच हवी. पेशी ३० ते १५० नॅनोमीटरच्या पिशव्या बाहेर टाकतात, त्या एक्सोसोम. प्रोस्टेटमधल्या लघवीत उतरतात आणि आतला आरएनए (जनुकांची नक्कल) आवरणामुळे शाबूत राहतो. अमेरिकेतली एक्सोडीएक्स तपासणी त्यातला पीसीए३ आणि ईआरजी या जनुकांचा आरएनए मोजून गुण देते. वय पन्नाशीपुढे, पीएसए २ ते १० आणि गुण १५.६च्या आत असतील तर घातक कॅन्सरची शक्यता कमी. मग बायोप्सी टाळायचा विचार करता येतो.

गोदाकाठ (नांदेड): दादा, पटत नाही. आमच्याकडं माणूस पीएसएपर्यंतच पोचत नाही. रात्रीतून चारदा उठतो, धार बारीक होते, तरी म्हणतो वय झालं. कंबर धरली की तेल चोळतो. दवाखान्यात येतो तवर कॅन्सर हाडात आणि पीएसए शंभराच्या पुढं. त्याला २ ते १०वाली तपासणी काय कामाची? तालुक्याला पीएसए करा, पुढं संभाजीनगरच्या शासकीय कॅन्सर रुग्णालयात पाठवायची सोय करा.

मांजराकाठ: पण तो उशिरा का येतो? सुईच्या धास्तीनं! चुलत्यांचे हाल बघून गल्लीतले लोक पीएसएचं नावच काढू देत नाहीत.

परंडेकर: १५.६ ही रेघ अमेरिकी रुग्णांवरून ठरली. आपल्या माणसांवर ताडून बघितल्याशिवाय तिच्यावर विसंबून बायोप्सी टाळणं मला धोक्याचं वाटतं. बार्शीची ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७पासून आमच्या भूम-परंड्यातही चालते. ताडून बघायचं काम अशा ठिकाणी सुरू व्हावं.

बीडचा वाचक: एक्सोसोमनं उपचारही होतात ना? इंजेक्शनची जाहिरात आली होती.

परंडेकर: त्या वाटेला जाऊ नका. एक्सोसोममध्ये औषध भरून गाठीपर्यंत न्यायचे प्रयोग अजून प्रयोगच आहेत. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रकानं, २०१९मध्ये एक्सोसोमच्या उत्पादनांबद्दल लोकांना सावध केलं होतं. रक्तातल्या एक्सोसोममध्ये एआर-व्ही७ (पुरुषी हार्मोन पकडणाऱ्या रेणूचं बदललेलं रूप) सापडलं तर अबिराटेरॉन, एन्झालुटामाइड ही त्या हार्मोनविरुद्धची औषधं लागू पडणार नाहीत असा अंदाज बांधता येतो. उपचारात मला खरी आशा तिथं दिसते.

गोदाकाठ: मांजराकाठ, धास्तीचं म्हणणं मान्य. पण बायोप्सी कमी करायला आजही मार्ग आहे. लघवीत इन्फेक्शन असेल तर ते बरं करून काही आठवड्यांनी पीएसए पुन्हा करा, तरी चढाच राहिला तर एमआरआय. चुलत्यांच्या वेळी यातलं काय झालं होतं?

मांजराकाठ: काहीच नाही. थेट सुई.