मदत हवी आहे : पुण्यात बाळंतपणासाठी डॉक्टर सुचवा (आम्ही दोघी आहोत)

सोनचाफा_

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी आणि माझी पार्टनर सिंहगड रोडला राहतो, बरीच वर्षं एकत्र आहोत. मला नववा आठवडा चालू आहे. डोनर स्पर्म, आययूआय (म्हणजे स्पर्म थेट गर्भाशयात सोडतात). "असं आपल्याकडे चालतं का?" हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगते. २०२१ च्या एआरटी (कृत्रिम गर्भधारणेच्या) कायद्यात आमच्यासारख्या जोडप्याला जागा नाही, पण २१ ते ५० वयाच्या एकट्या बाईला आहे. म्हणून कागदोपत्री मी एकटी. हिचं नाव कुठेच नाही. क्लिनिकवाले बरे होते. त्यांनी खोदून विचारलं नाही, आम्हीही सांगायला गेलो नाही. पण त्यांच्याकडे डिलिव्हरी होत नाही. ठोके दिसल्यावर फाइल हातात दिली आणि आता कुठेतरी नाव घाला म्हणाले.

नाव घालायला गेलो आणि तिथेच घोडं अडलं. घराजवळचं एक मॅटर्निटी होम. भिंतीवर गुटगुटीत गोरी बाळं, ती सगळीकडे असतातच. काउंटरवर "मिस्टरांचं नाव?" नाहीत म्हटलं. "बाहेरगावी असतात का?" लग्न झालेलं नाही म्हटलं. त्या बाईंनी पेन खाली ठेवलं, आधी माझ्याकडे आणि मग हिच्याकडे बघितलं, आणि अगदी मायेने हिला विचारलं, "तुम्ही ताई का यांच्या?" आम्ही काही बोलायच्या आत फाइलवर "सोबत : बहीण" लिहून मोकळ्या.

आतल्या डॉक्टर वाईट नव्हत्या हो, म्हणूनच जास्त त्रास होतो. ही माझी पार्टनर, बाळ आम्हा दोघींचं, एवढं मी सांगितलं आणि त्यांनी हिच्याकडे बघणंच सोडलं. फॉलिक अ‍ॅसिड जेवणाआधी की नंतर हे हिने विचारलं, उत्तर मला मिळालं. उठताना म्हणाल्या, "सिझरची वेळ आली तर सही कोण करणार? कुणीतरी जबाबदार माणूस लागतं." ३४ वर्षांची कमावती बाई समोर बसलीय, तरी जबाबदार माणूस आणखी कुणीतरी!

सोनोग्राफीला दुसरीकडे गेलो, तर तिथे आत "फक्त मिस्टर". मिस्टर नाहीत म्हटल्यावर कुणीच नाही. मला पडद्यावर हातापायांचे कोंब दाखवत होते आणि ही बाहेर चपलांच्या रॅकपाशी.

बऱ्याच जणांनी सल्ला दिला की नवरा दुबईला असतो म्हणून सांगा, विषय संपला. मला ते जमणार नाही, आणि ते तत्त्वापायी नाही. मी ओ निगेटिव्ह आहे. "मिस्टरांचा ब्लड ग्रुप काय?" हा माझ्या बाबतीत नुसता रकाना भरायचा प्रश्न नाही. स्पर्म बँकेच्या कागदावर डोनर बी पॉझिटिव्ह आहे. म्हणजे बाळ पॉझिटिव्ह असलं तर माझं शरीर त्याच्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्यं बनवू नये म्हणून २८ व्या आठवड्याच्या सुमारास अँटी-डीचं इंजेक्शन, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा एक. थॅलेसेमियाचंही तेच, माझ्या तपासणीत काही निघालं तर पुढे डोनरचे रिपोर्ट बघावे लागणार. डॉक्टरपासून हे लपवून कसं चालेल?

"किती धाडसी हो तुम्ही!" म्हणणारी डॉक्टर नकोय. हिच्याशीही बोलणारी हवी. एखाद्या शब्दाला अडखळली तरी चालेल. कोथरूड, कर्वेनगर, सिंहगड रोड, फार तर स्वारगेट. एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) असेल तर उत्तम. ऑफिसचा इन्शुरन्स माझ्याच नावावर आहे, तिथे अडचण नाही. नावं धाग्यावर नको वाटत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आगाऊ धन्यवाद.

कडीपत्ता

अभिनंदन!! आधी गोड बातमीचं, बाकी सगळं नंतर. एक नाव व्यनि करतेय. माझ्या मावसबहिणीने लग्न न करता मूल होऊ दिलं तेव्हा त्या डॉक्टरांनी "वडील" या रकान्यावर सरळ रेघ मारली आणि पुढचा प्रश्न विचारला. दोघींचा अनुभव नाही, पण माणूस कळतो त्यावरून.

पंत_सडेतोड

राग मानू नका, पण उद्या त्या लेकराने बापाचं नाव विचारलं तर काय सांगणार? समाज काय म्हणेल याचाही विचार हवा. निसर्गाचे काही नियम असतात.

कडीपत्ता

पंत, बाईंनी डॉक्टरचं नाव विचारलंय, तुमचं मत नाही. ठाऊक असेल तर सांगा, नाहीतर वेगळा धागा काढा, तिथे येऊन भांडते.

रातपाळी

मी लेबर रूममध्ये सिस्टर आहे, बारा गावचं पाणी प्यायलेली. म्हणून जरा लांबण लावते.

"तुम्ही आमच्यासारख्यांना घेता का?" असं फोनवर विचारू नका. काउंटरवरची मुलगी गोंधळते आणि "हो हो, या ना" म्हणून फोन ठेवते, त्या होला काही अर्थ नसतो. सरळ विचारा, डिलिव्हरीच्या वेळी आत सोबत कोण थांबू शकतं? खूप ठिकाणी एकाच खोलीत दोन-तीन टेबलं आणि मधे पडदे असतात. बाकीच्या बायकांची अडचण नको म्हणून पुरुषाला आत घेतच नाहीत, बाईमाणूस मात्र चालतं. सरकारी दवाखान्यांत तर ठरलेलंच आहे. लेबर रूम सुधारण्याच्या, २०१७ पासूनच्या सरकारी लक्ष्य कार्यक्रमात प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायची आहे, ती बाई असावी आणि शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी. म्हणजे जिथे नवऱ्यांना बाहेर येरझाऱ्या घालाव्या लागतात तिथे तुमची पार्टनर आत असेल. देव कधी कधी असाही न्याय करतो.

डॉक्टर चांगल्या मिळाल्या की काम झालं असं समजू नका. पहाटे तीनला कळा सुरू झाल्या तर डॉक्टर घरी, आणि तुमच्यासमोर आरएमओ (ड्युटीवरचे डॉक्टर), मी आणि आयाबाई. आम्ही फाइल वाचतो. म्हणून डॉक्टरांकडून पहिल्याच पानावर लिहून घ्या : डोनर प्रेग्नन्सी, आरएच निगेटिव्ह, सोबत अमुक, तिला सगळी माहिती द्यावी, खाली सही-शिक्का. तोंडी सांगितलेलं शिफ्ट बदलली की विरलं.

सोनोग्राफीच्या एफ फॉर्मवर नवऱ्याचंच नाव लागतं असं सांगतील. तसं नाही, आईचं किंवा वडिलांचंही चालतं. गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याने त्या फॉर्मात जरा चूक झाली तरी मशीन सील होण्याची भीती असते, म्हणून ते घाबरून नेहमीचंच भरतात. दुष्टपणा नसतो तो.

आणि हिला बहीण म्हणाले तर म्हणू द्या की, आत जायला मिळाल्याशी मतलब.

सोनचाफा_

रातपाळी ताई, किती मुद्द्याचं लिहिलंत, खूप आभार. फाइलच्या पहिल्या पानाचं तर सुचलंच नसतं.

बहिणीबद्दल मात्र पटत नाही. लेबर रूमपुरतं ठीक आहे. पण बाळ एनआयसीयूत गेलं आणि मी वर टाके घालून पडलेली असले तर? तिथे "फक्त आई-वडील" अशी पाटी असते. मावशीला कोण आत सोडणार, आणि बाळाचं बिलिरुबिन (काविळीची तपासणी) किती आलं हे तिला कोण सांगणार? एकदा बहीण म्हणून लागली की मग ऐन वेळी ती कोण हे समजावत बसायचं का?

रातपाळी

हे खरं आहे. मी लेबर रूमपुरताच विचार केला. एनआयसीयूच्या इन्चार्ज सिस्टरना सातव्या-आठव्या महिन्यात भेटून या, दोघी. तुमच्या सहीचं पत्र द्या की बाळाला भेटायला आणि माहिती घ्यायला माझ्याऐवजी ही येईल. आईचं पत्र असलं की आम्हाला कुणी विचारलं तर दाखवता येतं. आम्ही लोक वाईट नसतो, पण आम्हाला कागद लागतो.

दौत_लेखणी

वकिली करतो, प्रसूतीतलं कळत नाही. सहीपुरतं लिहितो.

सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या बाईच्या शस्त्रक्रियेला तिची स्वतःची संमती लागते आणि तीच पुरते. समीरा कोहली प्रकरणात, २००८ साली, पेशंट भुलेखाली असताना डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले. सर्वोच्च न्यायालयाने ती संमती धरली नाही. सख्ख्या आईची सही चालली नाही, तिथे नवऱ्याच्या सहीचं काय घेऊन बसलात! हॉस्पिटलं नातेवाइकाची सही मागतात ती बिलासाठी आणि उद्या कुणी भांडायला येऊ नये म्हणून. ती पार्टनरने केली तर कायद्याची आडकाठी नाही. आणीबाणीत संपर्क या रकान्यात पहिलं नाव तिचंच घाला.

जन्मनोंदणीत वडिलांचा रकाना रिकामा राहू शकतो. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की एकट्या किंवा अविवाहित आईने प्रतिज्ञापत्र दिलं की दाखला द्यायचा, बापाचं नाव विचारत बसायचं नाही. डोनरचा बाळावर काही हक्क राहत नाही, ते एआरटी कायद्यातच आहे.

आता कडू भाग. पार्टनरचं नाव त्या दाखल्यावर येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क मिळाला नाही, आणि अविवाहित जोडप्याने मिळून मूल दत्तक घेण्याचा मुद्दाही तीन विरुद्ध दोन असा गेला. म्हणून मृत्युपत्र करा आणि त्यात बाळाची पालक म्हणून तिला नेमा. बाळंतपणाच्या आधीच करा, नंतर झोप मिळत नाही असं बायको सांगते. जॉइंट अकाउंटही उघडून टाका. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलंय की त्याला आडकाठी नाही.

पोस्टिंग_चालू

गायनॅकला रेसिडेंट आहे (पुण्यात नाही). सीनियर मंडळी अशी का वागतात ते सांगतो. आम्हाला हे कुणी शिकवलंच नाही, आणि जे शिकवलं ते न्यायवैद्यकाच्या पुस्तकात, गुन्ह्यांच्या प्रकरणात. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ जाऊन सहा वर्षं होत आली होती, तरी २०२४ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या अभ्यासक्रमात समलैंगिकता पुन्हा त्याच यादीत घुसली होती. ओरड झाल्यावर सप्टेंबरमध्ये मागे घेतला. त्यामुळे नजर चुकवणारी डॉक्टर द्वेषच करते असं नाही. बऱ्याचदा कोणता शब्द वापरायचा या भीतीने तिची बोबडी वळलेली असते. तुम्हीच पहिल्या मिनिटात शब्द देऊन टाका : "ही अमुक, बाळाची दुसरी आई, प्रश्न हिलाही विचारा." यावर जी सुटकेचा श्वास टाकेल ती तुमची डॉक्टर.

समलिंगी लोकांसाठी काम करणाऱ्या मुंबईच्या हमसफर ट्रस्ट आणि लेबिया या संस्थांनाही विचारून बघा. लेबिया १९९५ पासून बायकांमध्येच काम करतेय, तिथे कुणीतरी या वाटेने गेलेलं असेल.

पंत_सडेतोड

दौत_लेखणी, सहीचा मुद्दा माहीत नव्हता. सुनेच्या वेळी आमच्याकडून तीन-तीन सह्या घेतल्या होत्या. (बाकी मत कायम.)

सोनचाफा_

सगळ्यांचे आभार, पंतांचेही.

व्यनितल्या एका नावाला काल फोन केला. रातपाळी ताईंचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. पलीकडून उत्तर, "एक जण चालतं, कोण आहे?" म्हटलं, माझी पार्टनर, बाई आहे. दोन सेकंद काहीच नाही. मग, "बरं, दोघींची नावं सांगा. आणि येताना उपाशीपोटी या, शुगर करायचीय. चहासुद्धा नको." शनिवार सकाळची अपॉइंटमेंट आहे. दुसऱ्या आईचं वाक्य कोणी म्हणायचं यावर घरात वाद चालू आहे.

आता दोन शंका राहिल्यात. या हॉस्पिटलला स्वतःचा एनआयसीयू नाही, गरज पडली तर बाळ दुसरीकडे हलवतात. कर्वे रोडच्या बाजूला असं बाळ हलवण्याचा कुणाला अनुभव आहे का? अँब्युलन्समध्ये बाळासोबत कुणाला बसू देतात? आणि ते एनआयसीयूचं पत्र साध्या कागदावर चालेल की स्टँप पेपरवर करून घेऊ?