बाळ काचेत आहे आणि घरचे म्हणतात तू घरी ये.. काय करू?

पऱ्हाटीचं_बोंड

नमस्कार ताई लोकं, पहिल्यांदाच लिहून राहिली, चुकलं तर सांभाळून घ्या. माझं सिझर होऊन आज ९ वा दिवस आहे. ३४ आठवडेच भरले होते, तालुक्याला तपासणीला गेली तर बीपी १६०/११० निघाला, तिथूनच १०८ मधे बसवून जिल्ह्याच्या दवाखान्यात आणलं आणि त्याच रात्री डॉक्टर म्हणाले आता थांबता येत नाही. मुलगी झाली, १ किलो ७५० ग्रॅम. रडली, मी आवाज ऐकला, पण लगेच घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी व्हीलचेअरवर नेलं तेव्हा धड पाहिली, नाकात नळी, डोळ्यावर पट्टी, निळ्या लाईटखाली, पाय माझ्या बोटाएवढे.

मला ७ व्या दिवशी सुट्टी झाली, बाळाला नाही. काल वजन १ किलो ६४० होतं म्हणजे कमीच झालं. नळीनं दर २ तासाला २० मिली दूध देतात, माझं दाबून दाबून १० नाहीतर १५ मिली निघते, मग सिस्टर म्हणते अजून काढ. मातांसाठी बाजूला एक खोली आहे, पलंग ८ आणि आम्ही १४ जणी, त्यामुळं कधी पलंग कधी खाली सतरंजी. टाके ओढतात, खाली बसली की उठता येत नाही, डोकं पण परवापासून जड आहे आणि पाय सुजले बसून बसून, मधेच डोळ्यासमोर चमचम होते, झोपच नाही तर होईलच ना. आता सासूबाई रोज फोन करतात की तू घरी ये, कच्ची बाळंतीण अशी वाऱ्यात बसते का, तिथं काय करून राहिली तू, बाळाला तर सिस्टर पाहतेच, मी येऊन राहीन तुझ्या जागेवर. यांचं काहीच मत नाही, कापूस फुटून पडला आहे, वेचायला मजूर भेटत नाही म्हणून ते दिवसाआड येतात. गाव इथून ४२ किलोमीटर. सिस्टर म्हणते बाळाला उघडं करून छातीशी धर, कांगारू, ते ऐकून तर सासूबाई अजूनच चिडल्या, इतक्या थंडीत उघडं लेकरू!! मला खरं सांगा, मी दोन-चार दिवस घरी जाऊन आली तर चालेल का? बाळाला काही फरक पडते का मी असली-नसली तर?

वर्धेची_सून

फरक पडते. लय पडते. जाऊ नको.

माझा मुलगा १ किलो ४०० चा होता, २२ दिवस काचेत, मी पण सिझरवाली, मला पण हेच वाटायचं की आपण तर फक्त बाहेर बसून राहतो. दुधाचं सांगते आधी. १५ मिली कमी नाही, माझं पहिले ४ दिवस वाटीचं बूड ओलं व्हायचं फक्त. दिवसरात्र मिळून ८ ते १० वेळा काढायचं, आणि रात्रीचं चुकवायचं नाही, २-३ वाजताचा एक तरी राऊंड पाहिजेच, रात्री दूध जास्त बनते. आधी कोमट ओल्या फडक्यानं शेकायचं, मग अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या मागं ठेवून आधी छातीकडं दाबायचं आणि मग चिमटल्यासारखं, घासत पुढं आणायचं नाही, मी घासून घासून कातडं सोलून घेतलं होतं. वाटी उकळलेलीच पाहिजे. आणि काढलेलं तसंच बाहेर ठेवू नको, लगेच आत नेऊन दे सिस्टरकडं.

आता कांगारूचं. मला पण भीती वाटली होती. आत गेली, हात धुतले कोपरापर्यंत, गाऊनचे बंद समोरून सोडले, सिस्टरनं त्याला टोपी मोजे आणि डायपर घालून माझ्या छातीच्या मधोमध उभा ठेवला, बेडकासारखे पाय, मान एका बाजूला, वरून चादर बांधली. एवढंसं उन्हात तापलेलं बोराएवढं अंग. थोडा वेळ कुरकुर केली मग झोपला, आणि मशीनवरचा तो आकडा जो सारखा टूं टूं करायचा तो गप्प झाला. अर्ध्या तासानं पाहते तर माझा गाऊन दोन्ही बाजूनं ओला. त्या दिवशी ४० मिली निघालं. सासूबाईंना सांग, उघडं नसते ते, आईचं अंगच पांघरूण असते. एका वेळी निदान एक तास तरी धर, सारखं काढ-घाल केलं तर उलट त्यालाच त्रास.

वजन कमी झालं म्हणून रडू नको, कमी दिवसाच्या बाळाचं पहिल्या आठवड्यात उतरतेच, दोन आठवड्यापर्यंत जन्माच्या वजनावर परत येते.

जळगावजामोदचा_गजू

ताई मी बाप माणूस आहे, बायकांच्या धाग्यात आलो माफ करा. आमची पोरगी पण काचेत होती. मोठ्या भावानं पैसे भरले म्हणून आम्ही प्रायव्हेटला नेली, तिथं काचेतून दिवसातून एकदा दाखवायचे, बायकोला हात लावू देत नव्हते, आणि पैसे गेले ते वेगळेच. तुम्हाला आत बोलावून राहिले हे नशीब समजा.

तुमच्या मिस्टरांना एक सांगा, ते आले की त्यांना पण कांगारू द्यायला लावा. बाप पण देऊ शकतो, मी दिला आहे दुसऱ्यावेळी, सिस्टर म्हणे छातीवरचे केस चालतात भाऊ, आंघोळ करून या फक्त 😄 तेवढ्यात बाईला दोन तास झोप मिळते. सासूबाईंना यायचंच आहे तर येऊ द्या ना, त्या पण धरू शकतात, तुमच्या जागेवर नाही, तुमच्या जोडीला.

कागदाचं पण पाहून घ्या नाहीतर नंतर चकरा. जन्माची नोंद २१ दिवसाच्या आत. सरकारी दवाखान्यात आजारी बाळाचा औषधपाणी, रक्ततपासणी, सगळं मोफत आहे, जननी शिशु सुरक्षा मधे, २०११ पासून, सुट्टी झाली की घरी सोडायला १०२ ची गाडी पण मोफत, बाहेरून औषध आणायला लावलं तर विचारा काऊन म्हणून. पहिलं बाळ आहे तर मातृवंदना योजनेचे ५ हजार, आधार आणि बँकखातं जोडलेलं पाहिजे, तुमच्या आशाताईंना फोन करा त्या करून देतील.

बोरीची_मोठीमाय

पोरी सासूवर चिडू नको व. तिनं जे पाह्यलं ते ती सांगून राहिली. आमच्या टायमाले आठव्या महिन्याचं लेकरू वाचतच नव्हतं, माह्यी दुसरी पोट्टी अशीच गेली पाचवीच्या आधी, कापसात गुंडाळून ठेवली व्हती सुपात, बाजेखाली शेगडी, दार खिडक्या बंद. धूर किती व्हायचा त्या खोलीत ते आता समजते. कोणी म्हणलं नाई का तिले पदराखाली धर म्हनून. तुह्या सासूले भेव वाटते, पोट्टीचं काई झालं तर सून पन हातची जाईन, म्हनून घरी ये म्हनते.

तिले दवाखान्यात बोलव अन सिस्टरच्या तोंडून आईकव. घरचं कोनी सांगतलं तर पटत नाई. अन येताना डिंकाचे लाडू, ज्वारीची भाकर, मेथीची भाजी घेऊन ये म्हना. पानी भरपूर पे. बाळंतिनीनं पानी पिऊ नाई हे खोटं हाये, दूध कायचं बनन मग?

आशा_वऱ्हाड

थांबा सगळे जरा.

दुधाचं झालं, कांगारूचं झालं, कागदाचं झालं, सगळं बरोबर आहे. पण तिनं मधे एक वाक्य लिहिलं ते कोणी वाचलं का? डोकं परवापासून जड, पायावर सूज, डोळ्यासमोर चमचम. आणि ही बाई बीपी १६०/११० मुळं सिझर झालेली आहे.

बोंड ताई, आत्ता, हे वाचत असशील तशी उठ आणि बीपी मोजून घे. बाळाच्या खोलीत नाही, बाळंतपणाच्या वॉर्डात जा, नाहीतर कॅज्युअल्टीमधे, सांग की मला बीपीमुळं लवकर सिझर झालं आणि डोकं दुखून राहिलं, डोळ्यासमोर चमकते. हे शब्द असेच सांग, "बरं वाटत नाही" असं नको सांगू, तेवढ्यावर कोणी उठत नाही. लोकांना वाटते बाळ बाहेर आलं की बीपी गेला. जात नाही लगेच. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात तर उलट वाढते कधीकधी, आणि सहा आठवड्यापर्यंत लक्ष ठेवावं लागते. झटके येऊ शकतात, बाळंतपण झाल्यावर पण. मी १३ वर्ष झाले आशा आहे, एकदा पाहिलं आहे, परत पाहायचं नाही. सुट्टी देताना बीपीच्या गोळ्या दिल्या होत्या का? चालू आहेत का??

बाकी नंतर बोलू.

पऱ्हाटीचं_बोंड

ताई गोळ्या होत्या, ५ दिवसाच्या दिल्या होत्या. सुट्टीच्या दिवशी सासूबाई आल्या होत्या त्या म्हणाल्या इतक्या गोळ्यांनी दूध आटते म्हणून मी दोन दिवसापासून बंद केल्या. आता जाते.

वर्धेची_सून

अगं बाई. मी एवढं लांबलचक लिहिलं आणि ते वाक्य माझ्या डोळ्याखालून गेलं. आशाताई तुम्ही होत्या म्हणून.

बोरीची_मोठीमाय

काय झालं व पोरी? गेली का?

पऱ्हाटीचं_बोंड

गेली होती. १५८/१०८ निघाला. सिस्टरनं दोन वेळा मोजला, मग डॉक्टर मॅडम आल्या, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, लघवी तपासली, आणि मला परत भरती करून घेतलं. गोळी दिली, रात्री दर तासाला कोणी न कोणी येऊन पट्टा बांधून गेलं. सकाळी १३६/८८. डोकं हलकं झालं. मॅडम म्हणाल्या या गोळ्यांनी दूध आटत नाही, बाळाला पण चालतात, मनानं बंद करायच्या नाहीत. सासूबाईंना यांनी फोनवर सांगितलं तर त्या रडल्या म्हणे, म्हणाल्या मीच बंद करायला लावल्या. आज पहिल्या एसटीनं येऊन राहिल्या.

आणि गंमत म्हणजे आता मला पलंग भेटला 😅

आशा_वऱ्हाड

देवा. ठीक आहे. आता बाकीचं सांगते, घाई नाही.

घरी जाशील तेव्हा पण बीपी आठवड्यातून दोनदा तरी, उपकेंद्रात सिस्टर मोजून देते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या १८० दिवस, खाऊन उलटी आल्यासारखं होते तर जेवणानंतर घे पण सोडू नको, आणि दोन्ही सोबत नको घेऊ, एक सकाळी एक संध्याकाळी. अंगावरून जाणं आता फिकं होत जाईल, पण तासाभरात पॅड भिजला, घाण वास आला, ताप आला, टाक्यातून पाणी आलं, एकाच पायाची पिंढरी दुखून सुजली, यातलं काही झालं तर वाट पाहायची नाही. आणि मन उदास राहिलं, रडूच येत राहिलं तर ते पण सांगायचं, त्याची लाज नाही.

बाळाचं एक विसरू नको, सगळे विसरतात. २ किलोच्या आतल्या किंवा ३४ आठवड्याच्या आत झालेल्या बाळाच्या डोळ्याचा पडदा तपासावा लागते, महिन्याच्या आत. बाहेरून डोळा चांगला दिसते म्हणून लोकं नेत नाहीत, आणि उशीर झाला तर नजर जाऊ शकते. सुट्टीच्या कार्डावर तारीख लिहूनच घे. कानाची पण तपासणी विचार.

सुट्टी वजनाच्या एका आकड्यावर नसते. सलग तीन दिवस वजन वाढलं पाहिजे, दूध वाटी-चमच्यानं किंवा अंगावर नीट घेतलं पाहिजे, अंग गरम राहिलं पाहिजे, श्वास थांबला नाही पाहिजे. मग गावची आशा येईल घरी ४२ दिवसापर्यंत, वजन करेल, ताप पाहील, तिला हाकलू नका, आंघोळ घालायची घाई करू नका, काजळ नाही, मध-घुटी नाही. सासूबाईंना सांग, हे घरोघरी जाऊन बाळ पाहायचं काम आपल्या विदर्भातूनच सुरू झालं, गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेमधे, ३९ गावात, कमी शिकलेल्या गावच्याच बायका शिकवून तयार केल्या, तेच पुढं देशभर आशांना शिकवलं. म्हणजे शहरातून आलेलं खूळ नाही हे.

जळगावजामोदचा_गजू

आशाताई तुम्हाला कोणी पगार बरोबर देते का हो, हा वेगळा धागा काढा, मी लिहितो त्यात.

आशा_वऱ्हाड

गजूभाऊ नको तो विषय, रात्र पुरणार नाही 😂

पऱ्हाटीचं_बोंड

६ दिवसानं लिहून राहिली, सगळ्यांनी विचारलं म्हणून. बाळ आज १ किलो ७८०. नळी परवा काढली, चमच्यानं २५ मिली घेते, थोडं गळते हनुवटीवरून. सकाळ संध्याकाळ अंगावर पण लावते, चार घोट घेते आणि झोपते, तळपायाला टिचकी मारली की परत चोखते. माझा बीपी गोळीवर १२८/८४.

सासूबाई पहिल्या दिवशी दारातूनच पाहत होत्या, आत यायला तयार नाहीत. काल मी दूध काढायला गेली तेवढ्यात सिस्टरनं त्यांनाच खुर्चीवर बसवून बाळ छातीशी बांधून दिलं. मी परत आली तर नऊवारीवर दवाखान्याचा हिरवा गाऊन, डोळे मिटलेले, आणि मला हातानं खूण करून राहिल्या की बोलू नको, झोपली आहे.