वेटेड जीपीए ४.० वर आणताना

वेटेड जीपीए म्हणजे अवघड विषयांना जादा गुण धरून काढलेली श्रेणींची सरासरी. ती ४.० स्केलवर, म्हणजे जादा गुणांशिवाय (अनवेटेड), आणण्यासाठी काही जण '५ ने भागा, ४ ने गुणा' असं सूत्र सुचवतात, पण ते चुकीचं आहे. अमेरिकन हायस्कूलमध्ये एपीला (कॉलेजच्या पातळीचा विषय) सहसा १ आणि ऑनर्सला (नेहमीपेक्षा अवघड विषय) ०.५ जादा गुण मिळतो, साध्या विषयाला काहीच नाही. मग सगळ्यांना एकच गुणोत्तर कसं लागेल?

ट्रान्सक्रिप्टवरची (शाळेच्या गुणपत्रकावरची) अक्षरी श्रेणीच घ्या: ए ४, बी ३, सी २, डी १. प्रत्येकीला त्या विषयाच्या क्रेडिटने (त्याला दिलेल्या वजनाने) गुणा, बेरजेला एकूण क्रेडिटने भागा. समान क्रेडिटचे चार विषय धरा: एपीत ए आणि बी, ऑनर्समध्ये बी, साध्यात ए. वेटेड ४.१२५, अनवेटेड ३.५. त्या सूत्राने ३.३ येतात, म्हणजे मुलाचं नुकसानच! अर्ध्या क्रेडिटचे सेमिस्टर-विषय पूर्ण धरू नका, फक्त पास/फेल शेरा असलेले विषय वगळा. कॉलेजच्या अर्जात मात्र शाळेने दिलेलाच आकडा त्याच्या स्केलसह लिहा.