आयोवाचं ऑफेन्स आता तरी हलेल का?

कणीसवाला (सीडर रॅपिड्स), ऑगस्ट २०२४

नव्या मंडळींसाठी आधी थोडं पुराण. अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकायचं असतं. तिसऱ्यापर्यंत जमलं नाही तर चौथ्याला चेंडू लाथेने लांब धाडून द्यायचा, तो पंट. इतर कॉलेजांत पंट म्हणजे नाइलाज. आमच्या आयोवा विद्यापीठात तो सोहळा असतो. गेल्या हंगामात आपला पंटर टोरी टेलर, मूळचा मेलबर्नचा, ४,४७९ यार्ड पंट करून गेला आणि १९३८ पासूनचा विक्रम मोडला. ‘पंटिंग इज विनिंग’ लिहिलेला टीशर्ट मीही घेतला होता. आता धुऊन धुऊन विटलाय.

पंटर एवढा राबला, कारण ऑफेन्स, म्हणजे चेंडू घेऊन गुण काढणारी बाजू, झोपलेलं. २०२३ मध्ये सामन्याला सरासरी १५.४ गुण, आणि यार्डांच्या हिशेबात १३३ संघांत १३३वा नंबर. तरी १० जिंकले, ४ हरले! पण शेवटचे दोन आठवा: मिशिगनकडून २६-०, टेनेसीकडून ३५-०. आठ क्वार्टर आणि भोपळा.

ऑफेन्स चालवत होता ब्रायन फेरेंझ, म्हणजे मुख्य कोच कर्क फेरेंझचा मुलगा. घराणेशाहीचा नियम आडवा येतो म्हणून कागदोपत्री तो बापाला नाही, अॅथलेटिक डायरेक्टरला उत्तरदायी. २०२३ ला त्याच्या करारात अट घातली: सरासरी २५ गुण आणि किमान ७ विजय. १३ सामने गुणिले २५, म्हणजे ३२५. डिफेन्सने, म्हणजे समोरच्याला अडवणाऱ्या बाजूने, काढलेले गुणही त्यातच धरायचे होते, तरी गाडं अडलं. ऑक्टोबरअखेर हंगाम चालू असतानाच जाहीर झालं की ब्रायन पुढच्या वर्षी नसेल.

आता टिम लेस्टर आलाय. पूर्वी वेस्टर्न मिशिगनचा मुख्य कोच, गेल्या वर्षी ग्रीन बे पॅकर्सकडे. गेल्या आठवड्यात लेकीला घेऊन किड्स डेला किनिक स्टेडियमवर गेलो होतो. स्नॅपच्या (चेंडू मागे देऊन डाव सुरू करायच्या) आधी एक रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा गडी, या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवा पळत गेला. लेक म्हणाली, “बाबा, तो जागा विसरला का?” मी म्हटलं, नाही गं, आपल्याकडे याला क्रांती म्हणतात.

मला ४० गुण नकोत. २४ द्या. आपल्या डिफेन्सला २४ म्हणजे चैन आहे. तुम्हाला काय वाटतं?

नांगरधारी

कणीसवाले, दर पाच-सात वर्षांनी हा उत्साह येतो. खानावळीचा मालक तोच, आचारी नवा. मिसळीत तर्री किती सोडायची ते आचारी ठरवत नाही हो, गल्ल्यावर बसलेला ठरवतो. कर्कसाहेब १९९९ पासून गल्ल्यावर आहेत.

आठवतंय का, २०१२ ला ग्रेग डेव्हिस आला होता? टेक्सासला २००५ चं विजेतेपद मिळालं तेव्हा तिथलं ऑफेन्स याच माणसाकडे होतं. तेव्हाही असेच धागे निघाले होते. पहिल्या वर्षी काय झालं? ४ जिंकले, ८ हरले. आणि पास कसले, तर तिसऱ्या डाउनला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नाला, आठ यार्ड हवे असताना पाच यार्डांचे.

आणि लेस्टरला वेस्टर्न मिशिगनने २०२२ नंतर नारळ दिला होता, तेही लिहा की.

आयोवाकाकू

नांगरधारी, नारळ दिला खरा, पण त्याच लेस्टरच्या संघाने २०२१ ला पिट्सबर्गला त्यांच्या मैदानावर ४४-४१ ने हरवलं होतं. लिहायचं तर दोन्ही लिहू या.

त्या आडव्या पळण्याला मोशन म्हणतात. ते कशासाठी असतं? लग्नाच्या पंगतीतून एखादं कार्टं उठून पळालं, की कोणाची आई मागे धावते ते बघायचं. आई धावली तर कळलं, याच्यावर तिचीच नजर आहे. कोणीच उठलं नाही, सगळ्यांनी नुसत्या माना वळवल्या, तर ज्याने त्याने आपापला कोपरा वाटून घेतलाय. क्वार्टरबॅकला, म्हणजे पास टाकणाऱ्या गड्याला, स्नॅपच्या आधी एवढं कळलं तरी अर्धा पेपर फुटला. गेली काही वर्षं आपण हा फुटलेला पेपर बघायलाच तयार नव्हतो.

बाकी लेस्टर आकाशपाताळ एक करणार नाहीये. आउटसाइड झोनची, म्हणजे कडेने निघणारी, धाव आपल्याकडे वर्षानुवर्षं आहेच. हा त्याला मोशनची जोड देणार आणि धावेचं सोंग करून पास टाकणार. पाया तोच, खिडक्या नव्या.

आणि मला खरा राग कशाचा येतो सांगू? सॅम लापोर्टा. टाइट एंड, म्हणजे समोरच्याला अडवणारा आणि पासही झेलणारा गडी. आपल्याकडे चार वर्षं खेळला, टचडाउन (चेंडू पार पलीकडच्या टोकापर्यंत नेणं) किती? पाच. डेट्रॉइट लायन्सकडे गेला आणि पहिल्याच हंगामात दहा! ८६ झेल घेतले, नवख्या टाइट एंडचा एनएफएल या व्यावसायिक लीगमधला तेव्हाचा विक्रम. मुलगा तोच, हात तेच. आता सांगा, दोष मुलांचा की योजनेचा?

खडूस_दादरकर

काकू, लापोर्टाला घडवलं कोणी? किटल, हॉकन्सन, फँट, सगळे टाइट एंड इथलेच. ज्या शाळेतून दर दोन-तीन वर्षांनी बोर्डात मुलं येतात तिथले मास्तर वाईट कसे?

मी दादरला क्रिकेट बघत वाढलो. मुंबईचा खडूसपणा म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये. विकेट फेकायची नाही, समोरचा कंटाळून चुकेपर्यंत थांबायचं. आयोवा नेमकं तेच करते. डिफेन्सचा कोच फिल पार्करच्या पोरांनी गेल्या वर्षी सामन्याला १५ सुद्धा दिले नाहीत. पंट करा, समोरच्याला त्याच्याच पाच यार्डांवर कोंडा, तो घाबरून चेंडू टाकतो. २०२२ चा साउथ डकोटा स्टेटचा सामना मी पाहिलाय: ७-३ ने जिंकलो. आपला टचडाउन एकही नाही! एक फील्ड गोल (खांबांमधून लाथेने चेंडू) आणि दोन सेफ्टी (समोरच्याला त्याच्याच टोकाच्या पट्ट्यात पाडणं). ३+२+२. मला तर तो सामना फार आवडला.

शेजारी मॅडिसनला बघा. विस्कॉन्सिनने गेल्या वर्षी पिढ्यान्‌पिढ्यांची धावाधाव सोडून एअर रेड आणलं, नुसती पासांची आतषबाजी करणार होते. आपण त्यांच्याच घरी जाऊन १५-६ ने हरवलं. नेब्रास्काने २०१८ ला स्कॉट फ्रॉस्टला वाजतगाजत आणलं. हिशेब काय झाला? १६ विजय, ३१ पराभव. नव्याचे नऊ दिवस.

ब्रायनबद्दलही एक बोलतो. मॅक्नमारा पाचव्या सामन्यात गुडघा घेऊन गेला, लॅकी त्याआधीच जखमी. पहिला क्वार्टरबॅक नाही, पहिला टाइट एंड नाही, मग कोणीही काय करणार? याच ब्रायनच्या ऑफेन्सने २०१७ ला ओहायो स्टेटविरुद्ध ५५-२४ केलं होतं, ते सगळे सोयीस्कर विसरले.

आयोवाकाकू

सात गुण काढून जिंकलेला सामना आवडला म्हणता! १९७५ च्या वर्ल्ड कपमधले गावसकरांचे १७४ चेंडूंत नाबाद ३६ पण आवडले असतील मग.

२०१७ चं म्हणाल तर त्या ५५ मधला पहिला टचडाउन अमानी हूकरचा, ओहायो स्टेटच्या पहिल्याच प्लेवर. हूकर डिफेन्सचा होता.

खडूस_दादरकर

गावसकरांवर यायचं काम नाही. 😄 पण बाकीचे सहा कोणाचे? ते सोयीने गाळलंत.

एम्सकर

सायक्लोन कंपूतून नमस्कार. आयोवा स्टेटमध्ये पीएचडी करतोय, त्यामुळे मला तुमच्या घरगुती भांडणात बोलायचा पूर्ण अधिकार आहे.

राव, तुमच्याकडे झालं ते सोपं आहे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. दुसऱ्या कोणाच्या मुलाने दोन वर्षं असं ऑफेन्स चालवलं असतं तर कर्कसाहेबांनी पहिल्या थँक्सगिव्हिंगलाच निरोप दिला असता. आता तुम्ही २४ गुणांसाठी नवस बोलताय. इतर गावांत लोक विजेतेपदाचा नवस बोलतात.

७ सप्टेंबरला भेटूच. आमचा संघ येतोय किनिकला.

कणीसवाला

एम्सकर, २०२३ ला तुमच्या घरी येऊन २०-१३ ने हरवून गेलो, तेही बाब्याच्या जमान्यात. जरा दमानं.

दादरकर, तुमचं बरंचसं पटतं. खडूसपणा मलाही आवडतो. पण मुंबई खडूस होती म्हणून धावा काढत नव्हती असं कुठे होतं? आधी डोंगर रचायचे, मग खडूसपणा. आपण नुसता खडूसपणा ठेवलाय आणि डोंगर विसरलोय.

दुसरं म्हणजे, आपल्या बिग टेन लीगमध्ये आता १८ संघ झालेत. वेस्ट डिव्हिजन गेली. पूर्वी नॉर्थवेस्टर्नला १०-७, नेब्रास्काला १३-१० करत डिव्हिजन जिंकायची आणि लीगच्या अंतिम सामन्याला इंडियानापोलिसला जाऊन मार खायचा, हा ठरलेला कार्यक्रम होता. आता ती गल्लीच बंद. ओरेगन, यूएससी, वॉशिंग्टन याच रांगेत उभे आहेत. १५ गुणांच्या शिदोरीवर तिथे कोण विचारणार?

नांगरधारी

शिदोरी वाढेल यावर माझा वाद नाही. १५ ची २२ होईल. कोणीही वाढवली असती, खाली जायला जागाच नव्हती. माझा मुद्दा वेगळा आहे. पाच गुणांची आघाडी, सात मिनिटं बाकी, चौथ्या डाउनला दोन यार्ड हवेत, समोरच्याच्या ४० वर आहोत. तेव्हा लेस्टरची वही उघडणार की पंटर मैदानात येणार? योजना त्या क्षणी कळते. आणि त्या क्षणी हेडसेटवर शेवटचा शब्द कोणाचा, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

मी तरी स्कोअरसाठी जायचं केव्हाच सोडलंय. पहिला क्वार्टर संपला की सगळं स्टेडियम वळून शेजारच्या मुलांच्या हॉस्पिटलकडे हात हलवतं ना, वरच्या मजल्याच्या काचेमागे सलाइनचे स्टँड दिसतात, त्यासाठी जातो. २०१७ ला सुरू झालं ते. तेवढं झालं की माझे पैसे वसूल. मग उरलेले तीन क्वार्टर पंट बघतो.

कणीसवाला, ३१ ऑगस्ट

इलिनॉय स्टेट ०, आयोवा ४०!!! चाळीस!! मी २४ मागितले होते!

नांगरधारी

हाफटाइमला किती होते तेही लिहा.

कणीसवाला

…६-०.

हो, तेव्हा माझ्या मागच्या रांगेतले आजोबा म्हणत होते, “सेम ओल्ड.” पण दुसऱ्या हाफमध्ये ३४ काढले हो! मॅक्नमाराचे तीन टचडाउन पास. केलेब जॉन्सन शंभराच्या वर धावला.

आयोवाकाकू

मी दुसऱ्यांदा रेकॉर्डिंग पाहिलं. मोशन भरपूर होतं आणि दोन वेळा तरी सेफ्टी (डिफेन्सचा सगळ्यात मागचा गडी) त्या आडव्या पळणाऱ्याच्या मागे धावत गेला म्हणून मधली जागा मोकळी झाली. पंगतीतली आई उठली हो, उठली! समोरचा संघ खालच्या पायरीवरचा होता हे मान्य. पण गेल्या वर्षी खालच्या पायरीवरचेही आपल्याला जड जात होते.

खडूस_दादरकर

शून्य दिले ते बघा. ४० चं कौतुक चालू द्या तुमचं.

एम्सकर, ७ सप्टेंबर

२०-१९. शेवटची ६ सेकंदं. ५४ यार्डांवरून फील्ड गोल. हाफटाइमला १३-० मागे होतो. अजून काही लिहायची गरज आहे का?

आयोवाकाकू

अभिनंदन, किक खरंच सुरेख होती.

केलेब जॉन्सन १८७ यार्ड धावला, दोन टचडाउन. धावेची बाजू नवी वाटतेय, भोकं मोठी पडतायत. पण पास मिळून शंभर यार्डही झाले नाहीत. खिडक्या बसवल्या, उघडायला कोणी नाही. एवढी धाव चालू असताना धावेचं सोंग करून पास फसतोय म्हणजे दुखणं वहीत नाही, क्वार्टरबॅकच्या जागेवर आहे. माझं मत मी तेवढं बदलते.

नांगरधारी

१३-० नंतर काय केलं ते पाहिलंत ना? दुकान लवकर बंद केलं. मी आचाऱ्याला बोल लावत नाहीये.

खडूस_दादरकर

टोरी टेलर असता तर त्यांना शेवटचा चेंडू इतक्या पुढून मिळालाच नसता.

कणीसवाला

दादरकर, तुम्ही धन्य आहात.

१९ झाले. २४ ला पाच कमी. त्या पाचांवर मला रात्री झोप लागलेली नाही. तरी मी अजून याच बाजूला उभा आहे, कारण गेल्या वर्षी हा सामना ०-२० वाटला असता.

पुढच्या शनिवारी ट्रॉय येतंय. मित्र ऐन वेळी गळाला, माझ्याकडे एक तिकीट जास्तीचं आहे. मेलरोज अॅव्हेन्यूवर टर्कीची तंगडी माझ्यातर्फे. कोणाला हवंय?

नांगरधारी

जागा कुठली? हॉस्पिटलच्या काचा दिसत असतील तर मला ठेवा.