बारा रात्रींचा एकट्याचा खेळ : पाचव्या रात्रीनंतर भीती का ओसरते?

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे)
नमस्कार. युरोपातील ख्रिस्ती धर्मापूर्वीच्या मध्यहिवाळी लोककथांवर मी एकट्याने खेळायचा एक रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखादे पात्र होऊन खेळायचा कथाखेळ, रचत आहे. २५ डिसेंबर ते ५ जानेवारी या बारा रात्री एका आडबाजूच्या शेतघरात काढायच्या. रोज पत्त्यांच्या कॅटमधून तीन पाने उचलायची, इस्पिक आले तर बाहेरचे काही दाराशी येते, बदाम आले तर घरातले कोणी बोलते, आणि घडलेले सारे वहीत लिहायचे. गेम मास्टर (खेळ चालवून निकाल देणारा) नसल्यामुळे शंकेचा निकाल फाशावर लागतो. पाचव्या रात्रीपर्यंत लिखाण रंगते, पुढे मात्र नुसते वर्णन उरते. आइसलँडची राक्षसीण ग्रीला, आल्प्समधील हिवाळी देवी पेर्ख्टा, वेल्सची घोड्याच्या कवटीची मारी लुइड, सगळी येऊन गेली तरी भीती वाटत नाही. डिसेंबरातही पंखा लावून बर्फाविषयी लिहावे लागते, हे त्याचे कारण असेल का?

उत्तर (नेरूळ)
पंख्याला दोष देऊ नका. तुमच्या खेळात काहीच संपत नाही, ही खरी अडचण आहे. वर्षातील सर्वांत लहान दिवस आपल्याकडे सुमारे अकरा तासांचा असतो, तर आइसलँडची राजधानी रेक्याविकमध्ये जेमतेम चार तासांचा, आणि त्यापुढच्या लांबलचक रात्रीत सरपण पुरेल की नाही या काळजीतूनच दाराबाहेरच्या आवाजाला वजन येते. सरपण म्हणून ताटलीत तीस आगकाड्या मोजून ठेवा. प्रत्येक रात्रीला दोन काड्या आणि दार उघडले की ऊब जाते म्हणून आणखी एक, असा हिशेब धरला तर बारा रात्रींत दार उघडण्यासाठी हाताशी सहाच काड्या उरतात. मी असे खेळलो तेव्हा नवव्या रात्रीच्या सुरुवातीला इस्पिकची राणी आली. उरलेल्या चार रात्रींना आठ काड्या लागणार होत्या आणि ताटलीत सात होत्या. दार उघडावे की नाही, यावरच पाऊण पान लिहून झाले.

उत्तर (नौपाडा, ठाणे)
सरपणाची सूचना पटली, पण मला ही गर्दीच खटकते. ग्रीलाची तेरा पोरे नाताळच्या आधी एकेक करून येतात आणि २५ डिसेंबरपासून एकेक करून परत निघतात. म्हणजे तुमच्या बारा रात्री ही तिकडे पांगापांग होण्याची वेळ आहे. त्यापेक्षा एकच प्रदेश निवडा. मारी लुइड म्हणजे काठीवर बसवलेली घोड्याची कवटी आणि खाली पांढरी चादर; तिच्यासोबतची मंडळी दाराबाहेरून पद्यात आव्हान देतात, आतल्यांनी पद्यातच उत्तर द्यायचे आणि हरल्यास त्यांना आत घ्यायचे. आपल्या सवाल-जवाबाची सवय असलेल्याला हे लगेच उमजेल. मात्र या प्रथेची लेखी नोंद १८०० सालापासूनची आहे, तेव्हा तिला निःशंकपणे ख्रिस्ती धर्मापूर्वीची म्हणू नका. त्याउलट, इंग्लंडमधील ‘मातांच्या रात्री’चा, म्हणजे ख्रिस्ती धर्मापूर्वीच्या एका मध्यहिवाळी रात्रीचा, उल्लेख बीड या इंग्रज ख्रिस्ती भिक्षू-इतिहासकाराने ७२५ मध्ये केला आहे, पण त्या रात्रीच्या विधींविषयी त्यानेही अंदाजच बांधला आहे.

प्रश्नकर्ता
आपणा दोघांचे आभार. केवळ वेल्स ठेवून, तीस काड्या घेऊन काल पुन्हा बसलो. सहाव्या रात्री कवटी दाराशी आली. दोन्ही बाजूंच्या ओव्या मलाच रचायच्या होत्या. बाहेरच्यांची ओवी आतल्यांपेक्षा सरस उतरली, त्यामुळे फासा न टाकताच दार उघडावे लागले आणि एक काडी गेली.