दंडाचं हाड जुळतंय पण पंजा लटकलेलाच, किती थांबायचं?

माळावरचा:
नमस्कार मंडळी, धाकटा भाऊ (वय 27) बाईकवरून पडला त्याला आता 6 आठवडे झाले. उजव्या दंडाचं हाड मधोमध मोडलं. पडल्यापासूनच पंजा लटकलेला, मनगट वर होत नाही, अंगठा मागे जात नाही, अंगठ्यामागची कातडी बधिर. दुसऱ्या दिवशी प्लेट टाकली. डॉक्टर म्हणतात हाड मस्त जुळतंय, नस आपोआप येईल, थांबा. पण किती?? मूठ वळते पण साधा तांब्या उचलत नाही. चुलते मागे लागलेत गावच्या हाडवैद्याकडून दंड चोळून आणू म्हणून.

डावखुरा_आता:
सेम टू सेम केस भावा. माझ्या डॉक्टरांनी सांगितलेलं की रेडियल नस (मनगट, बोटं मागे उचलणारी) दंडाच्या हाडाला घासूनच जाते म्हणून तिथं हाड मोडलं की ती ताणते, पण बहुतेकांची तुटलेली नसते. फक्त येते गोगलगायीसारखी, दिवसाला साधारण 1 मिमी. मोडलं तिथून कोपराजवळचा पहिला स्नायू 8-10 सेमी दूर, म्हणजे तुम्हीच हिशोब करा. माझं मनगट चौथ्या महिन्यात जरासं हललं, अंगठा सगळ्यात शेवटी.

फिजिओताई:
तांब्या का उचलत नाही ते सांगते. मनगट खाली पडलं की बोटं वळवणारे टेंडन (स्नायूच्या दोऱ्या) सैल पडतात, मग जोर लागणार कुठून. तुम्ही त्याचं मनगट हाताने वर धरा आणि मग मूठ वळायला सांगा, लगेच फरक कळेल. म्हणूनच कॉक-अप स्प्लिंट (मनगट वर धरून ठेवणारा आधार) वापरायचा, आणि दिवसातून चारपाच वेळा दुसऱ्या हाताने मनगट, बोटं, अंगठा पूर्ण मागे न्यायचा, नाहीतर नस येईल तेव्हा सांधेच आखडलेले असतील (असे पेशंट बघून जीव तुटतो हो). आणि बोटांची पेरं सरळ होतात म्हणजे नस आली असं समजू नका, ते काम दुसऱ्या नसेवरचे छोटे स्नायू करतात.
डिस्चार्ज कार्डवर ऑपरेशनची नोट असेल, प्लेट टाकताना नस दिसली का, अखंड होती का, ते बघा. ईएमजी (नस-स्नायूंची विजेची तपासणी) झालंय का? 3-4 महिन्यांत ना हालचाल ना ईएमजीत काही, तर नसेच्या सर्जनला दाखवायचंच. वर्षभर नुसतं बसून राहिलात तर स्नायू वाळतो, मग नस जोडूनही उपयोग कमी. तरी टेंडन ट्रान्सफर उरतं, तळवा पालथा करणारा स्नायू मनगट उचलायला जोडतात, चांगलं चालतं.

बापू_पाटील:
हाडवैद्याला उगाच नावं ठेवू नका, आमच्या आजोबांचा हात त्यानंच बसवला.

फिजिओताई:
बापू, आजोबांच्या दंडात प्लेट होती का? जुळत्या हाडावर चोळाचोळ नको, कोपराजवळ तर स्नायूतच हाड धरतं कधीकधी.

माळावरचा:
नोट सापडली, नस अखंड असं लिहिलंय. ईएमजी नाही झालं, सोमवारी विचारतो. आणि ताई, मनगट धरून बघितलं, तांब्या उचलला पठ्ठ्याने, अर्धा भरलेला. चुलते बघत होते, काही बोलले नाहीत. स्प्लिंट रात्री पण घालायचा का?

फिजिओताई:
सुरुवातीला हो. आंघोळ आणि व्यायामाला काढा, तेव्हा बधिर जागेवर वळ उठलेत का तेही बघा, त्याला टोचलेलं कळणार नाही.