निवृत्त मुख्याध्यापक विधानसभेला उभे राहिले तर? (खानापूर, जि. बेळगाव, कर्नाटक)

मलप्रभाकाठ

खानापूर तालुक्यातले एक मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि निरोपसमारंभातच, शाल-श्रीफळ घेऊन झाल्यावर, "२०२८ ची विधानसभा लढवणार" असं सांगून मोकळे झाले. नाव घेत नाही. तालुक्यातल्यांना कळलं असेलच, बाकीच्यांना नावाशी कर्तव्य नाही. तेव्हापासून डेअरीत, कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत हाच विषय. निम्मे म्हणतात असा माणूस पाहिजेच. निम्मे म्हणतात, पेन्शन घ्या आणि नातवंडं खेळवा.

माझं मत सांगतो. सरांनी उभं राहावं आणि समितीने, म्हणजे सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणाऱ्या आपल्या महाराष्ट्र एकीकरण समितीने, त्यांना उमेदवारी द्यावी. डिसेंबर २०२२ आठवा. बेळगावच्याच सुवर्णसौधमध्ये, म्हणजे इथल्या विधानभवनात, कर्नाटक विधानसभेने ठराव केला की महाराष्ट्राला एक इंचही जमीन देणार नाही. तोही एकमताने. आपण तेव्हा बाहेर समितीच्या महामेळाव्याच्या परवानगीसाठी पोलिसांशी हुज्जत घालत होतो. आत समितीचा एकही आमदार नव्हता, कारण २०१८ ला पाटी कोरी झाली होती. २०२३ लाही कोरीच राहिली. ठराव मंजूर झाला असता हे मान्य. पण एकाने तरी उठून "माझा विरोध नोंदवून घ्या" म्हणायला हवं होतं. असा माणूस ज्याला कन्नड कागद वाचता येतो, ज्याचा क्रशर नाही, वाळूचा ठेका नाही, आणि ज्याला फोन करून कुणी गप्प बसवू शकत नाही. आहे का दुसरं नाव तुमच्या डोळ्यासमोर?

कडोलीकर

नाव नाही म्हणून वाट्टेल त्याला उभं करायचं का? सरांबद्दल आदर आहे. पण मान वेगळा आणि मत वेगळं. रस्त्यात पाया पडणारा विद्यार्थी मतदानाच्या आदल्या रात्री कुणाच्या गाडीतून फिरतो ते बघा जरा. ज्याने देवळाच्या जीर्णोद्धाराला पावती फाडली, गल्लीत पेव्हर बसवले, मंडळाला साऊंड दिला, त्याच्या गाडीतून.

दुसरं, जाहीर करायची ही रीत नव्हे. आपल्यात नाव आधी गावात निघतं, मग तालुका समितीत जातं, मग मध्यवर्ती समितीत. सरांनी माईक हातात आहे म्हणून सांगून टाकलं. उद्या समितीने दुसऱ्याला दिलं तर सर माघार घेणार का अपक्ष राहणार? २०१८ ला आपल्याच दोन गटांचे उमेदवार एकमेकांसमोर उभे होते, खानापूर काँग्रेसला गेलं. २०२३ ला भाजपला गेलं. २०१३ ला बेळगाव दक्षिण आणि खानापूर अशा दोन जागा आल्या होत्या, त्यानंतर काय झालं ते आपणच केलंय. चांगला माणूस मतं फोडतो तेव्हा वाईट माणसापेक्षा जास्त फोडतो.

लोंढा_पॅसेंजर

कशाला एवढा ताप करून घेऊलालेत सर? विधान परिषदेला शिक्षक मतदारसंघ असतो की. तिथं उभं राहा म्हणावं. मास्तरांनी मास्तरांकडं मतं मागायची, ना जेवणावळी ना दारू.

हजेरीपट

लोंढावाले, तुम्हाला परिषदेचं गणित माहीत नाही. मी अजून नोकरीत आहे म्हणून वेगळ्या नावाने लिहितोय, समजून घ्या.

कर्नाटकच्या परिषदेत ७५ पैकी ७ जागा शिक्षकांच्या. आपला मतदारसंघ वायव्य, म्हणजे बेळगाव, विजापूर आणि बागलकोट असे तीन जिल्हे. आणि मतदान कुणाला? माध्यमिक शाळेपासून वर शिकवणाऱ्यांनाच. प्राथमिक मास्तराला तिथं मत नाही! सरांची सगळी हयात सातवीपर्यंतच्या शाळेत गेली, म्हणजे ज्या निवडणुकीला उभं राहा म्हणताय तिथं त्यांचे स्वतःचे सहकारीच मतदार नाहीत. बरं, उमेदवार शिक्षक असायला हवा अशी अटसुद्धा नाही. २०२२ ला तिथून निवडून आले प्रकाश हुक्केरी, माजी खासदार. मास्तरांच्या जागेवर मुरलेला राजकारणी. आणि जेवणावळी नसतात हे तुम्हाला कुणी सांगितलं?

राहिला विधानसभेचा प्रश्न. मी त्यांच्या हाताखाली काम केलंय आणि तरी म्हणतो, नको. सर चांगले आहेत हे खरंच. पण आम्ही मास्तर लोक परिपत्रकावर वाढलेले. बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसातून सकाळी माहिती मागितली की संध्याकाळच्या आत द्यायची, विचारायचं नाही. जनगणना करा, केली. मतदारयादीसाठी बीएलओ व्हा, झालो. अंडी उकडा, उकडली. तीस-पस्तीस वर्षं "आदेशान्वये" लिहिलेला हात मंत्र्यासमोर टेबलावर आपटेल? आमच्या मुख्याध्यापकांनी मराठी शाळेला शिक्षक मिळावा म्हणून अर्ज किती केले याची फाईल मी बघितलीय. चांगली जाडजूड आहे. प्रत्येक अर्जाच्या शेवटी "कृपया विचार व्हावा". एकदासुद्धा पालकांना घेऊन ऑफिसच्या दारात बसले नाहीत.

मलप्रभाकाठ

@हजेरीपट सरकारी नोकर पालकांना घेऊन दारात बसला तर दुसऱ्या दिवशी निलंबित. हे तुम्हीच नाव लपवून सिद्ध करताय, माफ करा. निवृत्त झाला म्हणजे तो दोर सुटला. आणि त्या जाड फाईलचीच तर किंमत आहे! पट कमी झाला की पद जातं, पद गेलं की शिक्षक जातो, शिक्षक नाही म्हणून राहिलेली पोरं इंग्लिश मीडियमला, की पट आणखी कमी. हे चाक कुठं अडवायचं हे भाषणबाज पुढाऱ्याला कळत नाही, मुख्याध्यापकाला कळतं.

@कडोलीकर "एक आमदार काय करणार" हा तुमचा पुढचा प्रश्न असणार, म्हणून आधीच सांगतो. तारांकित प्रश्न विचारणार. खानापूर, बेळगाव, निपाणी भागात मराठी माध्यमाच्या शाळा किती, मंजूर पदं किती, रिकामी किती, शिक्षणमंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं. आज हाच आकडा माहिती अधिकारात मागा आणि बसा वाट बघत. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्य १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथं सरकारी नोटिसा त्यांच्या भाषेतही काढायच्या हे केंद्राचं १९५६ पासूनचं धोरण. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करा असं घटनेचं कलम ३५० क सांगतं. खानापूर तालुक्यात मराठी माणूस १५ टक्के आहे का हे विचारायचीसुद्धा गरज नाही. पण सातबाऱ्याचा उतारा कुठल्या भाषेत हातात पडतो?

शहापूरचा_माग

एक साधी गोष्ट विचारतो. १ नोव्हेंबरला, कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीत सर कधी दिसले? १ जूनला हिंडलग्याला हुतात्म्यांना अभिवादन करायला कधी आले? १९८६ ला कन्नडसक्तीविरुद्ध लोकांनी गोळ्या झेलल्या. ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, केसेस अंगावर घेतल्या, अजून तारखांना कोर्टात जातात, ते राहिले बाजूला, आणि ६० पूर्ण झाल्यावर पेन्शन सुरक्षित करून आलेल्याला तिकीट? निष्ठा निवृत्तीनंतर सुचते काय?

लोंढा_पॅसेंजर

काका, नोकरीत असताना फेरीत आले असते तर नोकरी गेली असती आणि शाळेला कुलूप लागलं असतं. मग तुम्हीच म्हणाला असता, मराठी शाळा बंद पाडली.

शहापूरचा_माग

लाठी खाताना नोकरी आमचीही गेली रे बाळा. चालू दे तुमचं.

नंदगडची_लेक

पुरुषमंडळींची चर्चा बघून लिहावंसं वाटलं. मी सरांची विद्यार्थिनी. सहावीनंतर माझं नाव काढायचं म्हणून वडील दाखला मागायला शाळेत गेले. सरांनी रजिस्टर काढलं, पेन झटकलं, म्हणाले, "शाई संपली बघा, सोमवारी या." सोमवारी परत शाई संपलेली. पुढच्या सोमवारी सर तालुक्याला गेलेले. असं बरेचदा झाल्यावर वडिलांनीच नाद सोडला. मी पदवीधर झाले ती त्या शाईमुळं. तेव्हा @हजेरीपट, परिपत्रकाचा माणूस अडवायचं ठरवलं की कसा अडवतो हे मला विचारा.

पण म्हणून माझं मत फुकट नाही. सरांना मी तोंडावर विचारणार आहे. खानापुरातून जांबोटी-कणकुंबीकडं संध्याकाळी सुटणारी बस मुलींना कॉलेज सुटल्यावर मिळेल का? "शक्ती" योजनेत बायकांना तिकीट लागत नाही, छान आहे, पण बसच आली नाही तर फुकट कशात बसायचं? भीमगडच्या जंगलातली गावं, आमगाव, तळेवाडी, गवाळी. पावसाळ्यात तिथला पेशंट अजून तिरडीसारखा खांद्यावर उचलून आणावा लागतो. वनखातं रस्ता करू देत नाही, आणि जंगल सोडा म्हणतात. यावर सरांचं काय म्हणणं? इथं एवढ्या जणांनी लिहिलं, एकानेही हे काढलं नाही. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो आमदार असो नसो चालणार. बाळंतीण तोवर थांबत नाही.

तंबाखूपेठ

निपाणीहून लिहितोय. वहिनींनी मुद्द्याला हात घातला म्हणून माझंही उत्तर. रस्ता, बस, दवाखाना पाहिजे असेल तर सरांनी राष्ट्रीय पक्षात जावं. काँग्रेस घ्या, भाजप घ्या, पण सत्तेच्या बाजूला बसा. आमच्याकडं मराठी माणूस कधीच राष्ट्रीय पक्षांकडं गेला, आभाळ कोसळलं नाही. मराठी बोलणारा आमदार कुठल्याही चिन्हावर मराठीच बोलतो.

मलप्रभाकाठ

कुठं बोलतो? घरी? २०२२ च्या ठरावाला मराठी बोलणारे आमदार सभागृहात नव्हते असं थोडंच आहे. पक्षाचा व्हीप आला की जीभ पक्षाची.

कडोलीकर

आणि सर तरी कुठल्या भाषेत बोलणार तिथं? मराठीत बोलले तर माईक बंद, कन्नडमध्ये बोलले तर आपलेच लोक शिव्या घालणार.

हजेरीपट

याचं उत्तर मी देतो, विरोधक असलो तरी. कलम २१० वाचा. राज्याच्या विधिमंडळाचं कामकाज राज्याची भाषा, हिंदी किंवा इंग्रजीत चालतं. पण ज्याला या भाषांत नीट मांडता येत नाही त्याला विधानसभेचे अध्यक्ष मातृभाषेत बोलायची परवानगी देऊ शकतात. यात ग्यानबाची मेख अशी की सरांना ही सवलत मिळणारच नाही. त्यांचं कन्नड सभागृहातल्या निम्म्या लोकांपेक्षा शुद्ध आहे! सगळा पत्रव्यवहार कन्नडमध्ये केलेला माणूस. माझं म्हणणं असं की त्यांनी कन्नडमध्येच बोलावं, म्हणजे ज्यांना ऐकवायचंय त्यांना कळेल तरी.

शहापूरचा_माग

झालं. आता हेच राहिलं होतं.

लोंढा_पॅसेंजर

पैशाचं कुणीच काढलं नाही? डिपॉझिट १० हजार, खर्चाची कायदेशीर मर्यादा ४० लाख, आणि बेकायदेशीर खर्चाला मर्यादा नाही. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा कमी पडली की डिपॉझिटही जप्त. सरांची ग्रॅच्युइटी पहिल्या महिन्यात बॅनरवाला घेऊन जाईल गा.

नंदगडची_लेक

माजी विद्यार्थी आहेत की. पुण्यात, गोव्यात, दुबईत. हजार-हजार काढले तरी बॅनर होतात. पण आधी हिशेब वहीत लिहायचा, शाळेच्या पोषण आहारासारखा, रोजच्या रोज.

कडोलीकर

पैसे काढाल, मान्य. समितीला मान्यताप्राप्त पक्षाचा दर्जा नाही, म्हणजे अर्जावर त्याच मतदारसंघातले दहा सूचक लागतात. माझी अट एवढीच: त्या दहांत समितीच्या दोन्ही गटांची माणसं असावीत, आणि तालुका समितीने दुसरं नाव दिलं तर माघार घेईन असं सरांनी आत्ताच, लेखी, गावच्या बैठकीत द्यावं. दिलं तर मी त्यांची पत्रकं वाटायला खानापूरपर्यंत येतो. नाही दिलं तर मी विरोधात फिरणार, आणि तोंडावर सांगून फिरणार.

मलप्रभाकाठ

रविवारी गावात बैठक आहे. तुमची अट जशीच्या तशी वाचून दाखवतो. तुम्हीही याच, म्हणजे मी पदरचं घातलं असं कुणी म्हणायला नको.